कॅमेऱ्यामागून : नदीच्या वळणावरचं मालवाहू जहाज

गेल्या अंकात मी अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या कायाहोगा नदीत काढलेली मालवाहू जहाजांची छायाचित्रं दिली होती. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. ज्यांचे प्रश्न सारखे होते त्यांना एकत्र उत्तर दिलं आहे.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी पुण्याचा, बँकेतून निवृत्त. सध्या मुलीकडे क्लीव्हलँडला आलो आहे. परवा फ्लॅट्स भागात नदीकाठी जेवायला गेलो होतो. जेवता जेवता खिडकीतला उजेडच गेला. पाहतो तर एक अवाढव्य जहाज काठाला खेटून चाललं होतं. धावत बाहेर जाऊन भराभर फोटो काढले. घरी येऊन पाहिलं तर सगळ्या फोटोंत नुसती लोखंडी भिंत. जहाज एवढं मोठं, पण फोटोत तो मोठेपणा कुठेच नाही. जावयाचा जुना डीएसएलआर आणि त्याबरोबर आलेली १८-५५ लेन्स माझ्याकडे आहे. काय करावं?
— एक वाचक, कोथरूड (सध्या क्लीव्हलँड)

उत्तर : काका, जहाजाच्या पोटाशी उभं राहिलं की भिंतच दिसणार. कायाहोगात आत शिरणारी जहाजं ६३०-६४० फुटांची असतात, म्हणजे १९० मीटरच्या वर. नदीची रुंदी बऱ्याच ठिकाणी त्याच्या निम्मीही भरत नाही. आडवं जाणारं जहाज चौकटीत मावेल इतकं मागे सरकायला तिथे जागाच नाही. पलीकडच्या एखाद्या उंच इमारतीवरून ते कसंबसं मावलं, तरी हाती येते एक लांबट पट्टी. तेव्हा आडवं जहाज सोडून द्या आणि वळण गाठा.

ही नदी शहराच्या पोटातून इतकी वळणं घेत जाते की एका वळणाला ‘कोलिजन बेंड’, म्हणजे टकरीचं वळण, असंच नाव पडलं आहे. वळणावर उभं राहिलं की आधी जहाज समोरून येताना दिसतं, उंच आणि अरुंद. मग ते वळू लागतं आणि त्याची लांबी हळूहळू उलगडत जाते. पुढचं टोक एका काठाला लागेल की काय असं वाटत असतं, तेव्हा मागचं टोक अजून पुलाखालीच असतं. नाकाजवळ पाण्याखाली, जहाजाच्या आरपार, एक आडवा बोगदा असतो आणि त्यात पंखा. त्याला बो थ्रस्टर म्हणतात. तो सुरू झाला की काठाशी पाणी एकदम फेसाळून उसळतं. तो फेस चौकटीत घ्या. जहाज वळतंय हे पाहणाऱ्याला त्यावरूनच कळतं, नाहीतर स्थिर चित्रात ते नांगरून ठेवल्यासारखं दिसतं.

पण कुठे उभं राहायचं हे ठरवण्याआधी ते जहाज कुठल्या कामाला निघालंय ते माहीत करून घ्या. माझा सगळा भर यावर आहे. लेन्स, शटर वगैरे गोष्टी त्यानंतर येतात.

या जहाजांचं मुख्य काम म्हणजे नदीच्या वरच्या टोकाला असलेल्या क्लीव्हलँड-क्लिफ्सच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज पोचवणं. खनिज येतं मिनेसोटाच्या खाणींतून. तिथल्या टॅकोनाइट दगडात लोखंड कमी असतं. म्हणून तो दळून, लोखंडाचा भाग वेगळा काढून, त्याच्या गोट्यांएवढ्या गोळ्या बनवतात. त्या सुपीरियर सरोवरातून सू इथल्या जलपाशांमधून, म्हणजे पाण्याची पातळी वर-खाली करून जहाजं नेणाऱ्या दरवाजांच्या हौदांमधून, खाली उतरतात आणि ईरी सरोवराच्या काठी, कायाहोगाच्या मुखाशी, व्हिस्की आयलंडवर येऊन पडतात. हजार फुटी जहाजं तिथपर्यंतच येतात, कारण त्यांना नदीत शिरताच येत नाही. तिथून पुढे हीच लहान जहाजं खनिज भरून सुमारे नऊ किलोमीटर आत नेतात, रिकामी होऊन परततात आणि पुन्हा भरतात. ‘लहान’ म्हणजे सहाशे फुटांच्या वरचीच! उतरवायला त्यांना क्रेन लागत नाही. पोटाखालून कन्व्हेयर बेल्ट फिरतो, डेकवरचा लांब हात बाहेर वळतो आणि खनिजाची धार थेट कारखान्याच्या ढिगावर पडते.

माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका फाउंड्रीत साचे भरत. बीडाचा रस ओततानाचा वास माझ्या लहानपणाचा वास आहे. त्यामुळे त्या तांबूस-राखाडी गोळ्यांचा ढीग पाहिला की भट्टीच्या दोन टप्पे मागे उभं राहिल्यासारखं मला वाटतं, आणि जहाज मला त्या भट्टीकडे निघालेलं दिसतं.

आता याचा फोटोशी संबंध सांगते. वर जाणारं जहाज भरलेलं असतं, पाण्यात खोल बसलेलं. डेक पाण्याच्या बराच जवळ येतो आणि डेकवरची माणसं जवळजवळ तुमच्या नजरेच्या पातळीवर येतात. अशा वेळी खाली, अगदी काठाशी उतरा. खाली येणारं जहाज रिकामं असतं, म्हणून उंच तरंगतं. भिंत तीच, पण आता दुप्पट उंच वाटणारी. काठावरून तिचा फोटो घेऊन काही हाती लागत नाही. तेव्हा पुलावर चढा. वरून डेकवरची झाकणांची रांग, तो दुमडून ठेवलेला लांब हात आणि दोन्ही बाजूंना उरलेली पाण्याची चिंचोळी पट्टी एकाच चौकटीत येते, आणि ती पट्टी पाहूनच छातीत धस्स होतं. परतताना काही जहाजं उलट्या दिशेने, मागचं टोक पुढे करून येतात. तेही पुलावरूनच पाहावं.

जागा सांगते. सकाळी पूर्व काठावर, सेटलर्स लँडिंगपाशी. १७९६ साली मोझेस क्लीव्हलँड आणि त्याची मोजणीची माणसं या नदीकाठी उतरली, त्याची ती आठवण. सूर्य पाठीशी राहतो आणि समोरच्या काठावर ऊन पडतं. तिथून जवळच सेंटर स्ट्रीटचा लाल फिरता पूल आहे, १९०१ सालचा. हा पूल उचलला जात नाही, एका बाजूला फिरून वाट देतो. लाल पूल बाजूला झालेला आणि त्या फटीतून शिरणारं जहाजाचं नाक, ही चौकट तुमच्या १८ मिलिमीटरला सहज झेपेल. दुपारनंतर होप मेमोरियल पुलाच्या पादचारी वाटेवर जा. १९३२ च्या या पुलाच्या दोन्ही टोकांना दगडी रक्षक आहेत, हातात वाहनं धरलेले. क्लीव्हलँडच्या बेसबॉल संघाचं आताचं नाव त्यांच्यावरूनच आलं. तिथून वळण, कारखान्याची दिशा आणि शहराच्या उंच इमारती असं सगळं दिसतं. आयरिशटाउन बेंडचा उतार मात्र सध्या बांधकामात आहे. तो खचून जहाजांची वाट बंद पडेल अशी भीती होती, म्हणून तो सावरण्याचं काम २०२३ मध्ये हाती घेतलं गेलं. कुंपण असेल तिथे आत जाऊ नका.

मोठेपणाबद्दल तुम्ही विचारलंत. मोठेपणा दाखवायला शेजारी लहान काहीतरी लागतं. पुलाच्या चालकाची खोली, काठावर गळ टाकून बसलेला माणूस, डेकवर दोर सांभाळणारा खलाशी. या नदीत वल्ह्यांच्या शर्यतींचा सराव करणारी मुलंही असतात. आठ जणांची ती नाजूक होडी काठाशी थांबून जहाजाला वाट देते, तेव्हा दोन्ही एका चौकटीत घ्या. रुंद लेन्सने जहाजाच्या अगदी जवळ जाऊन नाक मोठं करायचा मोह होतो, पण ते खरं दिसत नाही. ३५ ते ५० मिलिमीटरच्या दरम्यान राहा. तुमची लेन्स या कामाला उत्तम आहे, दुसरी घेऊ नका.

प्रश्न : जहाज कधी येणार हे कसं कळतं? मी दोन वेळा जाऊन रिकाम्या हाताने परत आले. (असंच आणखी तिघांनी विचारलं आहे.)
— एक वाचक, डेट्रॉइट

उत्तर : प्रत्येक मोठ्या जहाजावर एआयएस नावाची यंत्रणा असते. ती स्वतःचं नाव, जागा, दिशा आणि वेग सतत प्रसारित करते, आणि फोनवर नकाशात ते सगळं फुकट पाहता येतं. तुमच्या डेट्रॉइट नदीत जहाजं सरळ आणि वेगात जातात, त्यामुळे नकाशावर बिंदू दिसला की निघायचं एवढंच काम असतं. कायाहोगात तसं नाही. जहाज मुखाशी आलं तरी रेल्वेचा पूल उघडेपर्यंत थांबतं, आणि आत शिरल्यावर पायी चालणाऱ्याच्या चालीने जातं. कारखान्यापर्यंत पोचायला काही तास सहज लागतात. ही अडचण वाटते, पण छायाचित्रकाराची खरी चंगळ यातच आहे. एका वळणावर फोटो काढून, सामान आवरून, चालत पुढच्या वळणावर जाऊन तुम्ही जहाजाच्या आधी पोचता.

नकाशावर बिंदू कधी कधी मागे राहतो, म्हणून कानही उघडे ठेवा. पूल उघडण्यासाठी जहाज एक लांब आणि एक आखूड भोंगा देतं. पूल लगेच उघडणार असेल तर चालक तसंच उत्तर देतो. पाच आखूड भोंगे आले तर पूल इतक्यात उघडत नाही, तुम्ही चहा पिऊन घ्या. तीन लांब आणि दोन आखूड हा मात्र कप्तानाचा नमस्कार. काठावर लहान मुलं हात हलवत असली की कधी कधी तो मिळतो. तेव्हा कॅमेरा मुलांकडे वळवा.

हंगामाचं सांगायचं तर सू इथले जलपाश १५ जानेवारी ते २५ मार्च दुरुस्तीसाठी बंद असतात. त्या काळात सुपीरियरकडून खनिज येत नाही. त्यामुळे जानेवारीच्या मध्यानंतर या खेपा पाहायला मिळतील असं धरून चालू नका. डिसेंबरमधली जहाजं चुकवू नका. पुढच्या भागावर गोठलेल्या तुषारांचा पांढरा थर असतो आणि दुपारी चारलाच ऊन तिरकं होतं.

प्रश्न : मी इथे एमएस करते आहे. रात्री कारखान्याच्या बाजूचा प्रकाश फार सुंदर असतो, पण हाताने काढलेले फोटो हलतात आणि ट्रायपॉडवर काढले तर जहाज धुरकट होतं. दुसरं म्हणजे आई म्हणते, अशा ठिकाणी मुलीने एकटीने जाऊ नये. तुम्ही जाता का?
— एक विद्यार्थिनी, मूळ गाव नाशिक

उत्तर : आधी तंत्राचं. समोरून येणारं जहाज चौकटीत जवळजवळ जागचं हलत नाही. फक्त मोठं होत जातं. आडवं जाणारं सरकतं. म्हणून रात्री समोरचं घ्या. आडवंच हवं असेल तर शटर १/६० सेकंदापेक्षा मंद करू नका. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, ३२०० किंवा ६४०० करावा लागला तर करा. दाणे आले तरी चालतील, पण हललेली कडा चालत नाही. दुसरा मार्ग पूर्ण उलटा आहे. ट्रायपॉड लावा, २०-३० सेकंदांचं एक्स्पोजर द्या आणि जहाजाला विरघळू द्या. पूल आणि काठ स्वच्छ राहतात आणि मधून दिव्यांच्या रेघा जातात. या दोन्हींच्या मधलं, अर्ध्या-एक सेकंदाचं एक्स्पोजर मात्र टाळा. तुझे फोटो त्याच कात्रीत अडकले आहेत. पुलावर ट्रायपॉड लावलास तर वाहनांनी पूल थरथरतो हेही लक्षात ठेव. सिग्नलला रहदारी थांबली की शटर दाब.

जहाजाचा वरचा भाग बहुधा पांढरा आणि खालचा काळा किंवा तांबूस-तपकिरी असतो. कॅमेऱ्याचा मीटर काळ्यावर बसला की चालककक्ष पांढराफटक होऊन जातो. पांढऱ्यावर मोज. काळ्यात जेवढं दिसेल तेवढं पुरे आहे, रात्र रात्रीसारखी दिसायला हवी.

आता दुसरा प्रश्न, आणि त्याला जरा सविस्तर उत्तर देते. मार्गारेट बर्क-व्हाइट ही तरुण छायाचित्रकार १९२७ मध्ये क्लीव्हलँडला आली. याच नदीकाठची ओटिस स्टील ही गिरणी तिला आतून टिपायची होती. बाईमाणसाला भट्टीजवळ कशाला येऊ द्यायचं, असा तो काळ. तिने गिरणीच्या अध्यक्षांकडून परवानगी मिळवली आणि हिवाळ्यातल्या रात्री तिथे काढल्या. अडचण प्रकाशाची होती. वितळलेलं पोलाद डोळ्यांना दिपवतं, पण तो प्रकाश तांबडा, आणि त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसायचाच नाही. शेवटी मॅग्नेशियमच्या पांढऱ्या ज्योती पेटवून तिने तो प्रश्न सोडवला. त्या चित्रांनी तिचं नाव झालं. पुढे १९४६ मध्ये चरख्याशेजारी बसलेल्या गांधीजींचं जे छायाचित्र आपण सगळ्यांनी पाहिलं आहे, ते तिचंच. ते काढण्याआधी तिला सूत कातायला शिकावं लागलं, कारण गांधीजींच्या चिटणीसांनी तशी अटच घातली होती. मला ती अट फार योग्य वाटते. काम आधी समजून घे, मग त्याचं चित्र काढ. भट्टीला आणि चरख्याला नियम एकच.

मी एकटी जाते, पण आंधळेपणाने जात नाही. नवी जागा आधी दिवसा चालून पाहते. रेल्वेच्या रुळांवर पाऊलही ठेवत नाही. ती खासगी जागा आहे, गुन्हा लागतो, आणि मालगाडी मागून आली तर जहाजाच्या आवाजात ऐकू येत नाही. काठाच्या लोखंडी भिंतीपासून दोन पावलं मागे राहते. तिथे उतरायला पायरी नसते आणि थ्रस्टरच्या पाण्यात पडलेल्या माणसाला वर यायला धरायला काही नसतं. घरी कुणाला तरी जागा आणि परतायची वेळ सांगते. तू आईला हे सगळं सांग, आणि पहिल्या रात्री एखाद्या मैत्रिणीला बरोबर ने. मैत्रीण फोटोत माणूस म्हणूनही उपयोगी पडते.

प्रश्न : माझे वडील गोव्यात बार्जवर सारंग होते. मांडवी-जुवारीवरून खनिज मुरगावला न्यायचे. तुमची चित्रं पाहून आमचे बार्ज आठवले. मला ते टिपायचे आहेत, पण खाणी बंद झाल्यापासून कितीतरी बार्ज नुसते उभेच पाहिले. उभ्या बार्जमध्ये काय टिपायचं?
— एक वाचक, वास्को

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. खाणी २०१२ मध्ये थांबल्या, मधे सुरू झाल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. नद्यांवरची ती वर्दळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना उभ्या बार्जचा अर्थ सांगावा लागत नाही. पण ज्यांनी पाहिली नाही, त्यांच्यासाठीच हे काम करायचं आहे.

चालत्या बार्जचं आधी सांगते, कारण काही ठिकाणी ते पुन्हा दिसतात. गोव्याचे बार्ज साधारण दोन-अडीच हजार टनांपर्यंतचे, म्हणजे इथल्या जहाजांपुढे लहान. त्यामुळे तुमचा प्रश्न उलटा आहे. जहाज मावत नाही ही अडचण नाही. रुंद मांडवीत बार्ज हरवतो ही आहे. तुम्हाला लांब लेन्स लागेल, २०० मिलिमीटरच्या आसपासची. मांडवी पूर्वेकडून पश्चिमेला वाहते. डिचोली-आमोण्याच्या बाजूने भरलेला बार्ज समुद्राकडे येतो, तेव्हा संध्याकाळचं ऊन त्याच्या तोंडावर पडतं. सूर्य पाठीशी घेऊन त्याच्याकडे पाहा. खनिजाचा लाल ढीग तेव्हा पेटल्यासारखा दिसतो. रिकामा परतणारा बार्ज त्याच वेळी, विरुद्ध बाजूला उभं राहून, उजेडाच्या विरोधात घ्या. त्याची बाह्यरेषा छान येते. दिवाडीच्या फेरीबोटीतून दोन्ही मिळतं, आणि बार्जच्या पाण्याच्या पातळीवरून मिळतं. भरतीची वेळ बघून जा. ईरी सरोवराला जाणवण्यासारखी भरती-ओहोटी नाही. तुमच्याकडे भरलेल्या बार्जला उथळ जागी भरतीचं पाणी लागतं. पावसाळ्यात आग्वादचं मुख धोक्याचं होतं, तेव्हा मांडवीचे बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरून मुरगावला जायचे. अरुंद पाणी, दोन्ही काठांना खारफुटी आणि मधून जाणारं लोखंड. कायाहोगाच्या जवळ जाणारी जागा तुमच्याकडे कुठली असेल तर तो कालवा.

मुरगाव बंदर आणि दाबोळीचा नौदलाचा तळ यांच्या बाजूला परवानगीशिवाय कॅमेरा काढू नका. ड्रोनचं तर नावच नको.

आता उभे बार्ज. वडिलांना बरोबर न्या. ते कुठे उभे राहायचे, हात कुठे ठेवायचे, भरलेला बार्ज वळवताना कुठल्या खुणेकडे पाहायचे, हे त्यांना विचारा आणि ते दाखवत असताना टिपा. हातांचे फोटो वेगळे काढा. बार्जचं नाव, दोरांनी झिजलेले खुंट, तळाला सुकलेली लाल माती, कुणी भिंतीवर खिळ्याने लिहिलेल्या खेपांच्या नोंदी असतील तर त्याही. आवाजही फोनवर ध्वनिमुद्रित करा. ते जे शब्द वापरतात ते तसेच लिहून ठेवा, प्रमाण मराठीत नीटनेटके करू नका. हे काम या पावसाळ्याआधी सुरू करा. मला त्यातली चित्रं पाठवलीत तर या सदरात पहिली जागा त्यांची.

प्रश्न : राग मानू नका. मी वालधुनीच्या काठी वाढलो. कारखान्यांनी नदीचं काय केलं ते रोज पाहिलं. तुम्ही धूर, लोखंड, भट्ट्या इतक्या देखण्या करून दाखवता. हे प्रदूषणाला सजवणं नाही का?
— एक वाचक, उल्हासनगर

उत्तर : राग कसला? हा प्रश्न माझ्या नदीला तर विचारायलाच हवा, कारण ती पेटलेली नदी आहे. २२ जून १९६९ रोजी कायाहोगावरच्या तेलकट तवंगाने पेट घेतला. रेल्वेच्या दोन पुलांचं नुकसान झालं. क्लीव्हलँडचे महापौर कार्ल स्टोक्स दुसऱ्या दिवशी पत्रकारांना नदीवर घेऊन गेले आणि या घाणीला कोण जबाबदार आहे ते उघडपणे बोलले. पुढे १९७२ चा स्वच्छ पाण्याचा कायदा झाला, त्यामागे या आगीचं नाव सतत घेतलं जातं.

पण छायाचित्रकार म्हणून मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या आगीच्या ज्वाळांचं एकही छायाचित्र नाही. अर्ध्या तासाच्या आत ती विझली, कॅमेरे पोचले ते नंतर. टाइम साप्ताहिकाने त्या ऑगस्टमध्ये जो फोटो छापला, ज्याने देश हादरला, तो १९५२ च्या आगीचा होता. ती आग कितीतरी मोठी होती. १९५२ मध्ये त्या फोटोने काही झालं नाही. नदी १८६८ पासून अधूनमधून पेटतच होती आणि कारखान्यांच्या शहरात ते चालायचंच असं लोक धरून होते. सतरा वर्षांनी लोकांची नजर बदलली होती, म्हणून तोच फोटो वर्मी लागला.

यातून मी माझ्यापुरते दोन नियम केले. चित्र देखणं झालं तर होऊ दे. १९५२ च्या ज्वाळांचं ते चित्रही देखणंच आहे, आणि लोक थांबून पाहतात ते त्यामुळेच. पण त्याखाली तारीख, जागा, जहाजाचं नाव, माल आणि दिशा लिहिल्याशिवाय ते बाहेर द्यायचं नाही. ‘सॅम लॉड, १९७५ सालचं जहाज, लोहखनिज भरून वर जाताना, कोलंबस रोडचा पूल, तारीख अमुक’ एवढं पुरे. तारीख नसलेलं चित्र उद्या कुणीही कशासाठीही वापरू शकतं. दुसरं म्हणजे कारखाना दाखवायचा तर नदीही दाखवायची. २०१९ मध्ये, आगीला पन्नास वर्षं होताना, इथले मासे खाण्यावरचे निर्बंध शिथिल झाले. आज धक्क्यावर गळ टाकून बसलेली माणसं मी मुद्दाम टिपते. आणि त्याच नदीचा जहाजांचा टप्पा अजून माशांना कठीण आहे, कारण दोन्ही काठ लोखंडी पत्र्यांचे आहेत आणि पिलांना विसावायला उथळ पाणीच नाही. तेही टिपते.

तुम्ही वालधुनीचे फोटो काढत असाल तर सजवण्याची भीती बाळगू नका. एकाच जागेवरून, एकाच लेन्सने, दर महिन्याला एक फोटो काढा आणि तारीख घाला. पाण्याचा रंग, फेस, काठावर कोण उभं आहे ते लिहा. चांगल्या दिवसाचा फोटोही ठेवा, वाईट दिवसांचेच निवडू नका. नाहीतर उद्या कुणी विचारलं तर उत्तर देता येत नाही. पाच वर्षांचे असे फोटो एखाद्या सुनावणीत मांडले, तर ते सुंदर आहेत का कुरूप हे कुणी विचारणार नाही.

प्रश्न : मोबाइलवर असे फोटो येतील का? आणि जहाजाची कुठली बाजू चांगली दिसते?
— एक वाचक, इयत्ता नववी, सातारा

उत्तर : येतील. झूम करू नकोस, पायांनी जवळ जा. आकाश फार उजळ असेल तर पडद्यावर जहाजावर बोट ठेव आणि उजेड थोडा कमी कर. पाऊस पडून गेल्यावर ओल्या लोखंडाचा रंग फार छान येतो. बाजूचं म्हणशील तर नाक आणि चालककक्ष दोन्ही दिसतील असं तिरकं जहाज बघ. जुन्या जहाजांत चालककक्ष पुढच्या टोकाला असायचा, नव्यांत तो मागे गेला. २०२२ मध्ये कामाला लागलेलं ‘मार्क डब्ल्यू. बार्कर’ ६३९ फुटांचं आहे आणि त्याचंही सगळं मागेच. कक्ष पुढे असेल तर जहाज येतानाच फोटो काढ. मागे असेल तर ते अर्धं पुढे जाऊ दे आणि मग वळून काढ. साताऱ्याहून जवळ जहाजं बघायची तर जयगडला जा. तिथे बंदरातली मोठी जहाजं दिसतात. आईबाबांबरोबर जा, आणि काढलेल्या प्रत्येक फोटोच्या मागे जहाजाचं नाव लिही.